लेम्पीच्या छपरावरचा बांध

ताईस्तो निस्काला नावाचा माणूस बर्फाला कंटाळला त्याला आता चाळीस वर्षं झाली. पण आपण कंटाळलो म्हणून बर्फ पडायचा थांबत नाही, आणि लेहतोला नावाच्या या गावात हिवाळ्यात दुसरा धंदा नाही. तेव्हा नोव्हेंबर ते एप्रिल तो लोकांच्या छपरांवर चढत राहिला. सरोवरावरून वारा सुटला की एका रात्रीत गुडघाभर पडायचं, आणि सकाळी सातला याचा फोन वाजायला लागायचा. 'ताईस्तो, आमचं कधी करतोस?' 'ताईस्तो, न्हाणीचं दार अडकलंय रे, वरून वजन आलंय बहुतेक.' तो सगळ्यांना 'येतो' म्हणायचा आणि फोन ठेवताना एक शिवी हासडायचा. शिवी फिनिश होती. आजोबा फिनिश मुलुखातून बोटीने इकडे आले तेव्हा अख्खी भाषा घेऊन आले होते; नातवापर्यंत पोचली ती एवढीच.

आता तो एकोणसत्तर वर्षांचा होता. उजव्या गुडघ्यात पाणी, डाव्या खांद्यात लचक, आणि कंबरेचं तर नाव काढू नका. झोपून जातो तो थकवा वेगळा. याचा थकवा याच्याबरोबर सकाळी उठायचा, बूट घालायचा आणि गाडीत शेजारी येऊन बसायचा.

छपरांचं मात्र त्याला कळायचं. गाडी चालवता चालवता तो घरं वाचायचा. ज्या छपरावर पांढरं पांघरूण सगळीकडे सारखं आहे, ते घर ठीक. जिथे मधेच काळं छप्पर उघडं पडलंय आणि खाली वळचणीला माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे लोंबताहेत, तिथे आतली ऊब वर गळतेय. बाहेरगावचे लोक थांबून त्या सुळ्यांचे फोटो काढतात. ताईस्तोची कंबर ते बघूनच दुखायला लागायची. ऊब वर गेली की छपरावरचा बर्फ खालच्या अंगाने वितळतो आणि पाणी उतारावरून घरंगळत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब नाही, म्हणून तिथे ते गोठतं. आज थोडं, उद्या थोडं, आणि आठवड्याभरात छपराच्या कडेला पक्का बांध उभा राहतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडतं, साचतं, आणि वाट मिळेना म्हणून छपराच्या पट्ट्यांखाली उलटं शिरतं. मग एक दिवस आत छताला चहा सांडल्यासारखा डाग उमटतो आणि घरातले एकमेकांना विचारतात, हे कुठून आलं.

हे सगळं त्याने गावाला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. माळ्याकडे जाणाऱ्या फटी बुजवा. माळ्याच्या जमिनीवर जाड लोकर पसरा. वळचणीखालच्या हवेच्या जाळ्या कोंबून बंद करू नका, छप्पर गारच राहिलं पाहिजे. बर्फ पडला की जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने कडेचा पट्टा ओढून काढा. आणि कुऱ्हाड घेऊन वर चढू नका, बर्फाआधी छप्पर फुटतं. गावाने हळूहळू ऐकलंही. फक्त एका घराला ताईस्तोने अठरा वर्षांत यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, आणि त्या घराच्या छपरावर तो स्वतः कुऱ्हाड घेऊन चढायचा. ते घर लेम्पी हार्जूचं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी लेम्पीचाच फोन आला.

"अरे ताईस्तो, कॅरिन येतेय शुक्रवारी."

"येऊ दे की. तुझीच मुलगी आहे."

"स्वयंपाकघरात डाग आलाय."

 "येतो," ताईस्तो म्हणाला. या वेळी शिवी फोन ठेवायच्या आधीच निसटली.

"ऐकली मी ती," लेम्पी म्हणाली. "येताना रंग आण. पांढरा."

लेम्पी त्याच्या मित्राची, ऊर्होची, बायको. ऊर्हो जाऊन एकोणीस वर्षं झाली. ती आता शहात्तरची, बुटकी, ताठ, आणि बोलायला तिखट. मुलगी कॅरिन पाण्यावरच्या मोठ्या पुलापलीकडे, दूर दक्षिणेला लान्सिंगला राहायची. तिथून यायला गाडीने अख्खा दिवस लागतो. कॅरिन वाईट नव्हती. आई एकटी, घर जुनं, आणि दर हिवाळ्यात छत गळतं, याची तिला रास्त काळजी होती. मागच्या वर्षी झोपायच्या खोलीत छताचा एक तुकडा पलंगावर पडला, तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं होतं: "आई, पुढच्या हिवाळ्यात एकदा जरी गळलं ना, तर वसंतात घर विकायचं आणि तू माझ्याजवळ यायचं. दोन खोल्यांची छान जागा आहे, गरम, लिफ्टची."  लिफ्टच्या जागेत आपला विणायचा माग मावत नाही, हे लेम्पीला बोलून दाखवायची गरज वाटली नाही.

माग माळ्यावर होता. ऊर्होच्या बापाने मेपलच्या जाडजूड तुळया वर नेऊन तिथेच जोडलेला. जिन्याने तो खाली यायचा नाही, आणि आणलाच तर स्वयंपाकघरातलं टेबल बाहेर बर्फात ठेवावं लागेल. त्या मागावर लेम्पी चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. गावात असं घर नव्हतं ज्याच्या सावनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, पायरीशी लेम्पीची सतरंजी पडलेली नाही. कोणी वारलं की त्याचे सदरे, पायजमे, बायकांचे झगे लोक तिच्याकडे आणून द्यायचे आणि ती पट्ट्या फाडून त्यांची सतरंजी करून परत द्यायची. ऊर्होच्या सदऱ्यांची तिने पहिली केली होती.

ताईस्तो दहाच्या सुमाराला पोचला. वळचणीवर बांध चांगला फूटभर उंच झाला होता, आणि त्याच्यावर तीन लांब पायमोजे आडवे टाकलेले होते, मीठ भरून फुगवलेले. जिथे मीठ लागलं तिथे बर्फात चर पडून थोडं पाणी वाहत होतं. कॅरिनचे जुने मोजे. ही युक्ती चांगली असते, पण लांबून बघणाऱ्याला भलतंच दिसतं.

"कोऑपरेटिव्ह दुकानातला आर्वो मला विचारत होता," शिडी लावता लावता ताईस्तो म्हणाला, "लेम्पीच्या छपरावर बाई कोण चढून बसलीय, पाय नुसते लोंबताहेत म्हणे."

"त्याला म्हणावं, तुझी बायको घरी आहे का ते बघ आधी." ती दारात शाल लपेटून उभी होती. "आणि संध्याकाळपर्यंत होईल ना रे?"

"होईल."

"दरवर्षी होईल म्हणतोस, आणि दरवर्षी परत होतं."

"बर्फ दरवर्षी पडतो, लेम्पी."

"समोरच्यांच्या छपरावरही पडतो की. त्यांचं बरं गळत नाही."

ताईस्तोने शिडी एकदा हलवून पाहिली. तो वर चढला.

वर चढल्यावर त्याने आधी दम घेतला. हल्ली दम घ्यायलाच निम्मा वेळ जायचा. मग त्याने छपराच्या आढ्याकडे पाहिलं. बरोबर मधोमध, बैलगाडीच्या चाकाएवढ्या गोलात, बर्फ वितळून गेला होता आणि काळं छप्पर ओलं चमकत होतं. दरवर्षी ते तिथेच असायचं, कारण त्याच्या खाली माग होता, मागाच्या खाली भोक होतं, आणि भोकाच्या खाली लाकडं जाळायची शेगडी.

ते भोक ताईस्तोने पाडलं होतं.

ऊर्हो गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात लेम्पीला खालच्या घरात बसवेना. टेबलाजवळ त्याची खुर्ची, खिडकीशी त्याचा चष्मा. ती माळ्यावर मागापाशी जाऊन बसायची, आणि तिथे थंडी अशी की बोटं निळी पडायची. ताईस्तोने तिची ती बोटं पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी करवत घेऊन आला. शेगडीच्या बरोबर वर त्याने छत कापलं. जुन्या लोकांनी थंडी अडवायला माळ्याच्या जमिनीत भुसा भरला होता. तो घमेली भरभरून बाहेर फेकला, वर फळ्या ठोकल्या आणि भोकाला लोखंडी जाळी बसवली. तासाभरात माळा ऊबदार झाला. लेम्पी मागाशी बसली, पायाखालची पट्टी दाबली, आणि ऊर्होला पोचवून आल्यानंतर पहिल्यांदा ताईस्तोकडे बघून हसली. त्या हसण्याचं त्याला फार वाटलं, हे इथे स्पष्टच सांगून टाकलेलं बरं. गावाला वाटायचं त्यापेक्षा ते कमी होतं, आणि तो स्वतःशी कबूल करायचा त्यापेक्षा जास्त.

त्याच हिवाळ्यात पहिला बांध आला. त्याला वाटलं, यंदा बर्फच फार. दुसऱ्या हिवाळ्यात परत आला. तिसऱ्या वर्षी त्याने छपरावर तो काळा गोल पाहिला आणि तो बरोबर भोकावर आहे हे त्याला कळलं. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तो सांगणारही होता. पण खाली उतरला तर लेम्पीने कॉफी केलेली, वेलदोड्याचा गोड पाव कापून ठेवलेला, आणि नुकतीच उतरवलेली सतरंजी उलगडून ती विचारत होती, "ही निळी कड बरी दिसते का रे?" तो म्हणाला, बरी दिसते. मग पुढच्या वर्षी सांगू म्हणाला. वर्षं सरत गेली तसं, अजून का नाही सांगितलं, हेही सांगायचं ओझं त्यावर चढत गेलं. शेवटी कुऱ्हाड चालवणं सोपं वाटायला लागलं.

मंगळवारी दिवसभर त्याने बांध फोडला. दोन ठिकाणी छपराच्या पट्ट्या सोलल्या गेल्या. त्याने त्या हाताने दाबून बसवल्या आणि तिकडे बघायचं टाळलं. बुधवारी स्वयंपाकघराचं छत शेगडीच्या आचेवर वाळू दिलं, गुरुवारी त्यावर रंगाचे दोन हात मारले. मान वर करून करून ती तशीच राहिली. लेम्पी खालून दाखवत होती.

"तिथे अजून पिवळं दिसतंय."

"ते माझे डोळे पिवळे झालेत."

"खांदा दुखतोय का?"

"नाही."

"खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही," ती म्हणाली. ताईस्तोने ब्रश डब्यात बुडवला आणि बराच वेळ तो निथळवत बसला.

शुक्रवारी दुपारी कॅरिन आली. तिने सामान ठेवलं, आईला मिठी मारली, आणि छताकडे एकदा पाहिलं. नव्या रंगाचा वास घरभर होता. तो काही तिच्या नाकातून सुटला नसणार. लेम्पीने ताईस्तोला मुद्दाम कॉफीला थांबवून घेतलं होतं. तिघं टेबलाशी बसली. गावात कोण आजारी, कोणाचं नातवंड, अशा गप्पा चालल्या. बाहेर ऊन पडलं होतं, दोन दिवसांचा ताजा बर्फ छपरावर होता, आणि शेगडी लेकीसाठी जरा जास्तच भडकवलेली होती.

पहिला थेंब पावाच्या ताटलीत पडला. तिघांनीही तो पाहिला आणि तिघंही बोलत राहिली. दुसरा कॅरिनच्या मनगटावर पडला. मग वरचा नवा रंग फुगला, पापुद्रा सुटला, आणि पाण्याची धारच टेबलावर लागली. लेम्पीने उठून पातेलं आणून ठेवलं. ती इतक्या सवयीने उठली की त्यातच सगळं कळून आलं.

"आई," कॅरिन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, थकल्यासारखा आला. "आपलं ठरलं होतं."

"हे थोडंसंच आहे गं."

"रंग कोणी लावला?"

 कॅरिन ताईस्तोकडे वळली.

"काका, तुम्ही खरं सांगा. मी आईचं ऐकत नाही, ती कधीच खरं सांगायची नाही. या घरात आता दम राहिलेला नाही ना? कितीही केलं तरी हे असंच चालायचं ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. हो, घर म्हातारं झालं, आम्ही सगळेच झालो. वसंतात घर विकलं गेलं असतं, माग तोडून कोणीतरी सरपणाला नेला असता, आणि ताईस्तोला पुन्हा कधी त्या शिडीवर चढावं लागलं नसतं. कुणालाही काही कळलं नसतं. तो इतका दमला होता की ते हो त्याच्या जिभेवर आलंही. मग त्याने लेम्पीकडे पाहिलं. ती पातेल्यातल्या थेंबांकडे बघत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उगाचच काहीतरी गुंडाळत होते.

"घराला काही झालेलं नाही," ताईस्तो म्हणाला. "घर ठणठणीत आहे. ते भोक आहे ना, शेगडीवरचं, त्याने होतंय हे. सगळी ऊब वर जाते आणि बर्फ वितळतो. ते बंद करून माळ्यावर लोकर पसरली तर एक थेंब गळायचा नाही. दिवसाचं काम आहे. भोक मी पाडलं होतं."

"तुम्हाला कधी कळलं हे?" कॅरिनने विचारलं.

"तिसऱ्या वर्षी."

लेम्पीने मान वर केली. "कुठल्या तिसऱ्या?"

"ऊर्हो गेल्यानंतरच्या."

पातेल्यात टपटप चालूच होती. ताईस्तोला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल, अरे माझ्यासाठीच केलंस ना. तसं काही झालं नाही. ती उभी राहिली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे इतकी वर्षं तू इथे येऊन माझी कॉफी प्यालास आणि गप्प बसलास? माझ्या पलंगावर छत पडलं तेव्हाही? ही पोरगी माझ्याशी भांडून रडत गेली तेव्हाही?"

"बंद केलं तर तुला हिवाळ्यात विणता येणार नाही. वर पाणी गोठतं. म्हणून मी..."

"म्हणून तू ठरवलंस! अरे, विणायचं की घर वाचवायचं हे मला ठरवू द्यायचं होतंस. मी काय कुकुलं बाळ आहे? ऊर्होनेसुद्धा कधी माझ्या वतीने काही ठरवलं नाही, आणि तू कोण रे?"

 ताईस्तो टोपी हातात घेऊन उठला.

"कुठे निघालास?" लेम्पी म्हणाली. "उद्या सकाळी ये आणि बुजव ते."

शनिवारी त्याने बुजवलं. जाळी काढली, जाड फळी बसवली, कडेच्या फटी भरल्या, आणि कॅरिनने शहरातून लोकरीच्या गुंडाळ्या आणल्या त्या दोघांनी मिळून माळाभर अंथरल्या. मागाभोवती अंथरताना कॅरिनने विचारलं, छपरालाच आतून लोकर मारली तर आई वर बसू शकेल का. ताईस्तोने वासे दाखवले. ते बारीक होते, लोकर भरली तर वारा खेळायला जागाच उरत नव्हती, आणि वारा नाही तर परत बांध. वासे वाढवता येतात, तो म्हणाला, पण ते करणारा माणूस तरुण पाहिजे. लेम्पी सकाळपासून वरच बसून होती. अर्धी विणलेली सतरंजी तिने पुरी केली नाही. ऊब जायला लागली तसे तिने मागाचे दोरे सैल केले, त्यावर चादर टाकली आणि ताईस्तोच्या शेजारून खाली निघून गेली. त्या दिवशी कॉफी झाली नाही. कॅरिनने जाताना त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, घर विकत नाही मी. ते त्याला लेम्पीच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्यानंतर चार वादळं आली. ताईस्तो रोज तिच्या घरावरून गाडी नेत होता, कामाचा रस्ता तोच होता. छप्पर एकसारखं पांढरं, काळा गोल नाही, सुळे नाहीत. फोन येत नव्हता. त्याचा खांदा बरा झाला, रात्री झोप लागायला लागली. त्याला हे सगळं अजिबात आवडलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो असाच जात असताना लेम्पी अंगणात दिसली. छपराला उरलीसुरली ऊब लागली की पाणी कडेलाच येऊन गोठतं, म्हणून कडेचा बर्फ काढावाच लागतो, हे तिने कोणाला तरी विचारून घेतलं असणार. स्वतःपेक्षा तिप्पट लांब दांड्याचं फावडं घेऊन ती वळचणीवरचा बर्फ ओढत होती, आणि त्यातला निम्मा तिच्याच डोक्यावर पडत होता. ताईस्तोने गाडी थांबवली. उतरून फाटकापर्यंत गेला आणि थांबला.

"दे इकडे," तो म्हणाला.

"हात लावू नकोस."

"अगं, बाजूला तरी उभी राहा. सगळं अंगावर घेतेयस."

ती मागे वळली नाही, पण दोन पावलं बाजूला सरकली आणि पुन्हा ओढायला लागली. या वेळी बर्फ तिच्या शेजारी पडला. थोड्या वेळाने ती दांड्यावर टेकून उभी राहिली. धाप लागली होती.

"माग जूनमध्ये सुरू होईल," ती म्हणाली. "आता अजून अडीच-तीन महिने, आणि पुढच्या वर्षी परत सहा. तोवर या हातांचं काय करायचं, ते तू ठरवलंच असशील ना? की ते वीस वर्षांनी सांगणार?"

"नाही," ताईस्तो म्हणाला. "ते नाही ठरवलं."

"बरं झालं," लेम्पी म्हणाली, आणि तिने फावडं पुन्हा वर टाकलं.

ती कड संपवेपर्यंत त्याने काही मदत केली नाही. तिच्या दारात काम नसताना उभं राहायची त्याला सवय नव्हती. हातांचं काय करावं ते त्यालाही कळेना. शेवटी त्याने ते खिशात घातले आणि तो तिथेच थांबला.